निजानीज आणि शाळेची घंटा

‘निजानीज’ हा आपल्या भाषेतला एक गोड शब्द आहे. दिवेलागण झाली, जेवणे उरकली, भांडी घासून पालथी पडली, ओसरीवरच्या गप्पा विरळ झाल्या, म्हणजे गावात जी वेळ येई तिला म्हणत निजानीज. ती कोणाच्या घड्याळात नव्हती, पण साऱ्या गावाला ठाऊक होती. शिवाय ती सर्वांची एकच होती. मुलांची वेगळी, बापाची वेगळी, असा भेद तिच्यात नव्हता. आज हा शब्द पुस्तकात राहिला आहे. गावात दहा घरांच्या दहा वेळा, आणि एका घरात चार माणसांच्या चार!

आता शाळेकडे या. शिक्षक मंडळी भेटली की अलीकडे एक गाऱ्हाणे हमखास ऐकू येते. पहिल्या तासाला मुले पेंगतात. जरा बोलले की डोळ्यांत पाणी उभे राहते. शेजारच्या मुलाचा धक्का लागला की हमरीतुमरी. काल पाठ केलेले आज आठवत नाही. आणि आठवी-नववीतला चांगला हुशार मुलगा एक दिवस म्हणतो, “सर, कशातच मन लागत नाही.” यावर आपली उत्तरे ठरलेली असतात. आळशी आहे, लक्ष नाही, लाडावलेला आहे, मोबाईल हातात आला आणि वाया गेला. परंतु “बाळ, काल रात्री किती वाजता निजलास?” हा साधा प्रश्न फार थोडे लोक विचारतात.

मी इतिहास शिकवणारा मनुष्य, वैद्य नव्हे. पण झोपेलाही इतिहास असतो, आणि आपल्या मुलांच्या झोपेचा इतिहास थोडक्यात सांगायचा तर असा आहे: पहाटे उठण्याची जुनी शिस्त आपण टिकवली, आणि लवकर निजण्याची जुनी रीत मात्र हातची घालवली. हे कसे झाले, ते बघू या.

आपल्या प्राचीन वैद्यकाने झोपेला कधीच हलके लेखले नव्हते. चरकसंहितेत शरीराचे तीन आधारखांब सांगितले आहेत. आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य. माणसाचे सुख आणि दुःख, बळ आणि दुर्बलता, इतकेच काय, ज्ञान आणि अज्ञानसुद्धा झोपेवर अवलंबून असते, असे चरकाचे म्हणणे. झोप आणि ज्ञान यांची ही जोड ध्यानात ठेवा. दोन हजार वर्षांनंतर प्रयोगशाळांनी तीच पुन्हा जोडली.

“पण आपल्याकडे विद्यार्थ्याला श्वाननिद्रा सांगितली आहे ना?” असे कोणी म्हणेल. सांगितली आहे खरी. मात्र श्वाननिद्रा म्हणजे सावध झोप, चाहूल लागताच मोडणारी. थोडकी झोप असा तिचा अर्थ नाही. आपल्या दारातला कुत्रा दिवसाकाठी किती तास निजतो, ते एकदा मोजून पाहा, म्हणजे मी काय म्हणतो ते कळेल!

दुसरा शब्द ब्रह्ममुहूर्त. सूर्योदयापूर्वी दोन मुहूर्त, म्हणजे सुमारे ९६ मिनिटे, तेव्हा त्याचा आरंभ होतो. जुन्या घरात समईचे तेल बेताचे. रात्री आठ-साडेआठला दिवा मालवला आणि पहाटे साडेचारला मूल उठले, तर आठ तास झोप सहज पदरी पडे. त्या शिस्तीत क्रौर्य नव्हते. आजचे मूल अकरा-साडेअकराला निजते, आणि ‘पहाटे उठावे’ म्हणून त्याला आपण त्याच साडेचारला हलवतो. बाकीचा हिशेब श्रोत्यांनीच करावा. पुन्हा गंमत अशी की, जानेवारीत मुंबईला सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो. म्हणजे तेथला ब्रह्ममुहूर्त तेव्हा साडेपाचच्या पुढे लागतो. साडेचार ही वेळ ना शास्त्राची ना शरीराची.

रात्रीचे जागरण विद्यार्थ्याच्या जीवनात मानाने आले ते परीक्षेबरोबर. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले, १८५९ मध्ये पहिली प्रवेशपरीक्षा झाली. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे त्या पहिल्या तुकडीतले. त्या पिढीने अफाट वाचले. विद्यार्थिदशेतील अतिवाचनाने रानड्यांची दृष्टी अधू झाली, ती जन्मभर. पुढे पदवीधर माणसे अकाली का मरतात, हा प्रश्न स्वतः रानड्यांनीच चव्हाट्यावर मांडला. विष्णुशास्त्री चिपळूणकर १८८२ मध्ये गेले तेव्हा बत्तीस वर्षांचेही नव्हते. आगरकर १८९५ मध्ये गेले, तेही चाळिशीच्या आत. या मृत्यूंना कारणे अनेक होती, ती सारी जागरणाच्या माथी मारणे हा इतिहासाचा अपलाप होईल. परंतु त्याच काळात रॉकेलचा दिवा घरोघर येत होता, आणि ‘दिव्याखाली रात्रभर अभ्यास करणारा मुलगा’ ही आदर्शाची मूर्ती घडत होती, एवढे खरे. ती मूर्ती आपण अजून पूजतो.

येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या बालपणाची गोष्ट थोडी विस्ताराने सांगतो, कारण ती शाळाशाळांतून सांगितली जाते आणि बहुधा अर्धीच सांगितली जाते. परळच्या चाळीतली एक खोली. त्याच खोलीत चूल, तेथेच सामान, तेथेच सारी माणसे. अभ्यासाला निवांत जागा कोठून यावी? तेव्हा वडील रामजी सुभेदार यांनी तोड काढली. भीमरावाला ते संध्याकाळी लवकर निजवीत. स्वतः रात्री दोनपर्यंत जागे राहत. दोनला मुलाला उठवीत, आणि मग स्वतः आडवे होत. मिणमिणत्या चिमणीच्या उजेडात, घर गाढ झोपलेले असताना, मुलगा वाची. १९०७ साली एल्फिन्स्टन हायस्कुलातून ते मॅट्रिक झाले.

आपण मुलांना काय सांगतो? “बघा, बाबासाहेब दोन वाजता उठून अभ्यास करीत.” हे बरोबर. पण ते आधी लवकर निजत, हे राहून जाते. आणि मुलाची झोप मोडू नये म्हणून मध्यरात्रीपर्यंत जागणारा बाप तर साफच राहून जातो! त्या गोष्टीत झोपेचा त्याग जर कोणी केला असेल, तर मुलाच्या बरोबरीने बापाने केला. रामजींनी मुलाची झोप वाया घालवली नाही, तिची वेळ हलवली. गरिबीने त्यांच्यावर लादलेली ती तडजोड होती. तिचा आपण आता नियम करून, ज्यांच्या घरी स्वतंत्र खोली आणि विजेचा दिवा आहे अशा मुलांनाही लावतो, याला काय म्हणावे?

दिव्यानंतर घड्याळ. १ जानेवारी १९०६ रोजी हिंदुस्थानची प्रमाणवेळ सुरू झाली. ८२॥ अंश पूर्व रेखांशावरची, म्हणजे मिर्झापूरकडची वेळ साऱ्या देशाची ठरली. मुंबईची स्वतःची वेळ तिच्या ३९ मिनिटे मागे होती. मुंबईकरांनी मोठा गिल्ला केला. गिरणी कामगार चिडले, कारण पूर्वीच्याच आकड्यावर भोंगा वाजणार, पण प्रत्यक्षात ३९ मिनिटे आधी अंथरूण सोडावे लागणार! महापालिकेने तर हट्टाने आपली घड्याळे मुंबई वेळेवरच ठेवली, आणि तो हट्ट थेट १९५५ पर्यंत चालला. आज या गोष्टीचे हसू येते. पण कामगारांना जे कळले होते ते बारीक होते. घड्याळाचा काटा कागदावर हलवता येतो, सूर्य हलवता येत नाही आणि शरीर सूर्याचे ऐकते. आज मुंबईत सात वाजता भरणारी शाळा ही जुन्या मुंबई वेळेने सहा वाजून एकवीस मिनिटांनी भरते. जानेवारीत तर मुले वर्गात बसतात तेव्हा बाहेर सूर्य उगवलेला नसतो.

खेड्यातली शाळा बरीच वर्षे अकरा ते पाच अशी होती, आणि सकाळची शाळा फक्त शनिवारी किंवा उन्हाळ्यात. शहरात इमारती अपुऱ्या पडल्या तेव्हा एकाच इमारतीत दोन सत्रे बसवली गेली, आणि सकाळचे सत्र सातवर आले. पुढे शिकवण्या आल्या, त्यांनी शाळेच्या आधीचा तासही घेतला. यात मुलांच्या झोपेचा विचार कोणी केला होता असे दिसत नाही. विचार बाकांचा होता.

प्रमाणवेळेचा मुलांवर काय परिणाम होतो, हे मौलिक जगनानी या अर्थशास्त्रज्ञाने अलीकडे शोधले. १९९८-९९ मध्ये केंद्र सरकारने सहा राज्यांत पाहणी केली होती, माणसे दिवसाचे तास कसे खर्च करतात याची. तिचा त्यांनी उपयोग केला. आपल्या देशात एकच घड्याळ असल्याने पश्चिमेकडे सूर्य उशिरा मावळतो. जेथे तो एक तास उशिरा मावळतो, तेथली मुले सुमारे अर्धा तास कमी झोपतात. निजणे सूर्याबरोबर लांबते, पण शाळेची घंटा सर्वत्र जवळपास एकाच वेळी वाजते. आणि अशा ठिकाणी मुलांचे एकूण शिक्षणही सरासरी ०.८ वर्षाने कमी भरले. झोप अधिक घटली ती गरिबांच्या घरी. गरम, दाटीच्या, डासांच्या खोलीत हवे तेव्हा निजताच येत नाही. श्रोतेहो, आपला महाराष्ट्र पश्चिमेलाच आहे.

आता प्रयोगशाळेत डोकावू. झोप काढून घेतली तर मनाचे काय होते, याचा फार गाजलेला प्रयोग एका शाळकरी मुलाने स्वतःवर केला. अमेरिकेतल्या सॅन डिएगो गावचा सतरा वर्षांचा रँडी गार्डनर. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी काहीतरी अचाट करावे म्हणून डिसेंबर १९६३ च्या अखेरीस तो जागा राहिला तो जानेवारी १९६४ पर्यंत, एकूण २६४ तास. म्हणजे अकरा दिवस! वर्गमित्र पाळीपाळीने त्याला जागे ठेवीत. नौदलाचे डॉक्टर जॉन रॉस त्याच्यावर नजर ठेवून होते, आणि निद्राशास्त्रज्ञ विल्यम डिमेंट मुद्दाम तेथे येऊन राहिले. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून मुलगा चिडचिडा झाला. चौथ्या दिवशी रस्त्यावरची पाटी त्याला माणूस वाटली. पुढे संशय, भास. अकराव्या दिवशी त्याला शंभरातून सात-सात वजा करायला सांगितले. त्र्याण्णव, शहाऐंशी असे करीत तो पासष्टावर आला आणि थांबला. का थांबलास, तर म्हणाला, मी काय करीत होतो तेच विसरलो.

प्रयोगानंतर तो चौदा तास झोपला आणि ठणठणीत उठला, म्हणून पुष्कळांनी निष्कर्ष काढला की जागरणाने काही बिघडत नाही. उतारवयात मात्र त्याला निद्रानाशाने फार छळले, असे त्याने स्वतः सांगितले आहे. त्याचे कारण तोच प्रयोग होता का, हे ठामपणे म्हणता येत नाही. आपल्याला महत्त्वाचा आहे तो क्रम. गणित चुकण्याच्या कितीतरी आधी स्वभाव बिघडला. वर्गातही असेच होते. गुणपत्रिकेत उतरण्यापूर्वी अपुरी झोप मुलाच्या तोंडावर आणि जिभेवर उतरते.

अकरा दिवसांची गोष्ट सोडा, रोज दोन तास कमी पडले तर काय? १९७६ साली अमेरिकेतल्याच स्टॅनफर्ड विद्यापीठात मेरी कार्सकॅडन यांनी मुलांचे उन्हाळी ‘झोपेचे शिबिर’ भरवण्यास आरंभ केला. दरवर्षी तीच मुले येत, त्यांची झोप मोजली जाई. अपेक्षा अशी की, मूल मोठे होत जाईल तशी त्याची झोपेची गरज कमी होईल. घडले उलटे. संधी दिली की तेरा-चौदा वर्षांची मुलेही दहा वर्षांच्या पोराइतकीच, नऊ तासांहून थोडी अधिक झोपत, आणि वर दिवसा त्यांना अधिक पेंग येई. पुढे आणखी एक गोष्ट कळली. वयात येताना शरीराचे आतले घड्याळच पुढे सरकते. झोप आणणारा मेलॅटोनिन नावाचा स्राव रात्री उशिरा सुरू होतो. म्हणून आठवीतल्या मुलीला नऊ वाजता झोप येत नाही, आणि सकाळी सहाला तिचे डोळे उघडत नाहीत. यात तिचा हट्ट किती आणि शरीराचा धर्म किती, हे रागावण्यापूर्वी पालकांनी पाहावे.

सहा ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ ते बारा तास, आणि तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास झोप हवी, असे अमेरिकेतील निद्रावैद्यांच्या संघटनेने २०१६ मध्ये ठरवून सांगितले. आणि मनाचे म्हणाल, तर २०१० मध्ये पंधरा हजारांहून अधिक शाळकरी मुलांच्या माहितीवर आधारलेला एक अभ्यास तेथेच प्रसिद्ध झाला. त्यात एक साधी गोष्ट पाहिली होती: आईबापांनी मुलाला निजण्याची कोणती वेळ घालून दिली आहे? ज्यांना बारा किंवा त्याहून उशिराची मुभा होती, त्यांच्यात दहाच्या आत निजणाऱ्यांपेक्षा उदासीनतेचा विकार २४ टक्क्यांनी अधिक आढळला, आणि जीव देण्याचे विचार २० टक्क्यांनी अधिक. वेळ घालून देणारे आईबाप होते, हे विशेष.

घंटाच उशिरा वाजवली तर? मिनियापोलिस शहराने ते करून पाहिले. १९९७ साली तेथल्या हायस्कुलांची वेळ सकाळी सव्वासातवरून आठ चाळीसवर नेली. सर्वांना भीती अशी की, पोरे रात्री आणखी उशिरा निजतील. तसे झाले नाही. निजण्याची वेळ जवळपास तीच राहिली आणि झोप वाढली. मुलांच्या सांगण्यातली उदासी कमी झाली, वर्गातली पेंग कमी झाली. कॅलिफोर्निया राज्याने तर २०१९ मध्ये कायदाच केला, तो २०२२ पासून अमलात आला. साडेआठपूर्वी हायस्कूल भरवायचे नाही.

परदेशचा हा दाखला आपल्या गावाला जसाच्या तसा लावता येत नाही, हे मला मान्य आहे. आपल्याकडे मुलांची झोप मोडणारी कारणे मोबाईलपेक्षा जुनी आहेत. शेतीपंपाची वीज ज्या आठवड्यात रात्रीची असते, त्या आठवड्यात बापाबरोबर दारे धरायला जाणारा मुलगा सकाळी वर्गात काय डोळे उघडे ठेवणार? ऊसतोडीच्या टोळीत आईबाप पहाटे तीन-चारला फडाकडे निघतात, मागे थोरली मुलगी धाकट्याला घेऊन पालात जागी. पाण्याची पहिली खेप आणि चूल मुलींच्याच वाट्याला. अशा मुलाला “लवकर निजत जा” म्हणून सांगणे म्हणजे उपाशी माणसाला पथ्य सांगण्यासारखे आहे. त्याला पहिल्या तासाला कठीण गणित न घालणे, हे एखाद्या गुरुजींच्या हातात असते. मधल्या सुट्टीत वीस मिनिटे डोके टेकू देणे, हेही.

आणखी एक सावधगिरी. झोप आणि मन यांची वाट दुहेरी आहे. जागरणाने मन बिघडते, तसे बिघडलेले मनही झोप उडवते. मूल पहाटे तीनला जागे होते आणि पुन्हा झोपत नाही, किंवा दिवसभर अंथरूण सोडत नाही, आणि हे दोन आठवडे चालले आहे, तर ते आळसाचे लक्षण मानू नका. त्याच्याशी एकांतात बोला, घरी जा, डॉक्टरांकडे पाठवा. २०२२ पासून सरकारची ‘टेली-मानस’ ही दूरध्वनी सेवा आहे, क्रमांक १४४१६. त्याच २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची नोंद सरकारी अहवालात आहे, आणि त्यांपैकी १,७६४ आपल्या महाराष्ट्रातले, म्हणजे सर्व राज्यांत अधिक. ही सारी झोपेची करणी, असे कोणी शहाणा मनुष्य म्हणणार नाही. पण घरातल्या माणसांना सर्वांत आधी दिसू शकणारी खूण म्हणजे मुलाची बिघडलेली झोप, आणि ती पाहायला पदवी लागत नाही.

शिक्षक बंधुभगिनींना एक सुचवतो. एक आठवडाभर हजेरी घेताना प्रत्येक मुलाला, निजला कधी आणि उठला कधी, एवढेच विचारून वहीत टिपा. रागावू नका, शेरा मारू नका, नाहीतर मुले खोटे सांगतील. आठवड्याअखेर ती वही पालकसभेत वाचून दाखवा, नावे न घेता. माझा अंदाज असा की, सभेत थोडा वेळ शांतता पसरेल.

आपल्याकडे सरकारदरबारी हा प्रश्न पोचलेला आहे. डिसेंबर २०२३ मध्ये त्या वेळचे राज्यपाल रमेश बैस यांनी, मुलांची झोप पुरी होत नाही, शाळेच्या वेळा बदला, असे जाहीरपणे सांगितले. फेब्रुवारी २०२४ मध्ये शिक्षण खात्याचा आदेश निघाला की, येत्या वर्षापासून पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवावेत. कुरकुर झाली. शाळेच्या गाड्या, दोन सत्रे, शिक्षकांचे तास, सगळ्यांची गणिते नव्याने मांडावी लागणार होती. आदेश चौथीपर्यंतचा होता. आतले घड्याळ पुढे सरकते ते सातवी-आठवीच्या सुमारास, आणि त्या मुलांबद्दल त्यात काही नव्हते. दहावीचा जादा तास पुष्कळ ठिकाणी अजून सकाळी साडेसहालाच भरतो.